आरसा नसलेला कॅमेरा आणि रोजची छायाचित्रे

नवी दिल्लीच्या दक्षिण-पश्चिम भागातील आर. के. पुरम येथे छायाचित्रे काढण्यासाठी सहसा कोणी पर्यटक येत नाही. क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची बैठी उंचीची जुनी निवासस्थाने, त्यांच्यामधील झाडे, टेकडीवरील मलै मंदिर आणि सेक्टर ५ च्या परिसरात वस्तीने वेढलेला वजीरपूरचा घुमट व त्यालगतची बावडी, असे या वसाहतीचे रूप आहे. येथे देशभरातून आलेली कुटुंबे राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. बदली झाली अथवा सेवानिवृत्तीचा दिवस आला, की ठरावीक मुदतीत घर सोडावे लागते. ज्या घरात मुले लहानाची मोठी झाली, त्या घराच्या दारावर काही दिवसांतच दुसऱ्या नावाची पाटी लागते.

आसपासच्या काही वसाहतींच्या बाबतीत तर घरेच उरली नाहीत. मोहम्मदपूर, सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर यांसह सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मान्यता दिली. जुनी घरे पाडून बहुमजली इमारती उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यासाठी होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्ध जून २०१८ मध्ये नागरिक रस्त्यावर उतरले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तोडीस तात्पुरती स्थगिती दिली. त्या दिवसांतील आंदोलनाची छायाचित्रे वृत्तपत्रांत पुष्कळ सापडतील. पण त्या घरांचे जिने, गच्चीवरील पाण्याच्या टाक्या, अंगणातील वाळवण, सकाळी दारात थांबणारी भाजीची हातगाडी यांची छायाचित्रे कोणाकडे आहेत? ती असलीच, तर तेथे राहणाऱ्यांकडेच असणार. रोजच्या छायाचित्रणाला महत्त्व येते ते याच कारणाने, आणि नेहमी जवळ बाळगता येईल असा लहान कॅमेरा हवासा वाटतो तोही याच कारणाने.

अशा कॅमेऱ्यांमध्ये गेल्या काही वर्षांत ‘मिररलेस’, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांनी आघाडी घेतली आहे. हा प्रकार नेमका काय आहे, त्याचा उपयोग कोणाला आहे आणि कोणाला नाही, याची माहिती येथे दिली आहे.

आरसा काय करीत होता?

पूर्वीच्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे ४५ अंशांच्या कोनात एक आरसा बसविलेला असे. भिंगातून येणारा प्रकाश त्या आरशावरून वर परावर्तित होऊन एका लोलकामार्फत छायाचित्रकाराच्या डोळ्यापर्यंत पोहोचे. बटण दाबताच आरसा उचलला जाई, पडदा उघडे आणि प्रकाश फिल्मवर पडे. ‘खटक’ असा जो परिचित आवाज येई, त्यातील मोठा वाटा या आरशाचा होता. फिल्मच्या जागी सेन्सर आल्यावरही रचना तीच राहिली, आणि त्या कॅमेऱ्यांना डीएसएलआर म्हटले जाऊ लागले.

आरशाला हलण्यासाठी जागा लागते. त्यामुळे भिंग सेन्सरपासून दूर ठेवावे लागते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. आरसा काढून टाकला आणि सेन्सरवरील प्रतिमा थेट पडद्यावर दाखविली, तर हे अंतर पुष्कळ कमी करता येते. फुजीफिल्मच्या एक्स माउंटमध्ये ते १७.७ मिलिमीटर, तर सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मिलिमीटर आहे. कॅमेरा बारीक झाला तो या जवळपास तीन सेंटिमीटरमुळे.

अदलाबदल करता येणाऱ्या भिंगांच्या मिररलेस कॅमेऱ्यांची आजची परंपरा २००८ मध्ये आलेल्या पॅनासॉनिक जी-१ पासून सुरू झाली. पुढील वर्षी ऑलिंपसने ई-पी १ हा खऱ्या अर्थाने लहान कॅमेरा आणला. भिंगाविना त्याचे वजन ३३५ ग्रॅम होते. २०११ मध्ये फुजीफिल्मचा एक्स-१०० बाजारात आला. त्याचे भिंग बदलता येत नाही, त्यात झूम नाही, तरीही या मालिकेची लोकप्रियता टिकून राहिली आणि २०२४ मध्ये तिची सहावी आवृत्ती आली. निकॉन व कॅनन यांनी मोठ्या सेन्सरच्या मिररलेस मालिका २०१८ मध्ये सुरू केल्या. त्यानंतर डीएसएलआरचे पर्व ओसरू लागले.

कॅमेरा अंगावर वागविण्याचा प्रश्न मात्र नवा नाही, आणि दिल्लीत तर नाहीच. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला १९४२ मध्ये दिल्लीत आल्या. स्पीड ग्राफिक, रोलीफ्लेक्स असे कॅमेरे घेऊन त्या सायकलवरून या शहरात फिरत. सत्तांतराच्या काळातील दिल्लीची त्यांनी टिपलेली छायाचित्रे आज राष्ट्रीय ठेवा मानली जातात. १९७० मध्ये त्यांनी व्यवसाय सोडला. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण सन्मान मिळाला. रोलीफ्लेक्समध्येही आरसा होता, पण तो स्थिर होता. पाहण्याचे भिंग वेगळे आणि चित्र घेण्याचे भिंग वेगळे असल्याने आरसा उचलण्याची गरज नव्हती. छातीशी धरून, मान खाली घालून त्यात पाहावे लागे. आजच्या मिररलेस कॅमेऱ्याचा मागील पडदा आडवा उघडून काम करणारा छायाचित्रकार नकळत त्याच पवित्र्यात उभा असतो.

मोबाईल असताना कॅमेरा कशासाठी?

हा प्रश्न रास्त आहे. चांगल्या मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यातील सेन्सर साधारण १० बाय ७ मिलिमीटरचा असतो. लहान मिररलेस कॅमेऱ्यांत प्रामुख्याने दोन आकार आढळतात : १७.३ बाय १३ मिलिमीटरचा मायक्रो फोर थर्ड्‌स आणि साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा एपीएस-सी. म्हणजे दुसऱ्याचे क्षेत्रफळ मोबाईलच्या सुमारे पाचपट भरते. मोठ्या सेन्सरवर अधिक प्रकाश पडतो, त्यामुळे अंधुक जागी चित्र कमी खरखरीत येते.

तथापि मोबाईल ही उणीव गणिताने भरून काढतो. एका क्षणी तो अनेक चित्रे घेतो आणि त्यांचे एकत्रीकरण करतो. स्थिर दृश्यात हा उपाय इतका यशस्वी झाला आहे, की दिवसाउजेडी काढलेल्या लहान छापील चित्रांत फरक ओळखणे अवघड जाते. संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात पळणारे मूल समोर आले, की त्या गणिताची मर्यादा दिसू लागते, कारण दोन चित्रांच्या दरम्यान मूल जागेवर राहिलेले नसते. मोबाईलवर समाधान असेल, त्याने केवळ हौसेपोटी मोठी रक्कम खर्चू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. खर्च सार्थकी लागतो तो अंधुक उजेडात हलती माणसे टिपणाऱ्यांचा, आणि फोटो काढताना संदेश व दूरध्वनी यांपासून थोडी सुटका हवी असणाऱ्यांचा.

आर. के. पुरमसारख्या ठिकाणी मिररलेसचा खरा गुण जानेवारीत कळतो. सकाळी दाट धुके असते. कोणताही कॅमेरा समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून प्रकाश मोजतो. धुके पांढरे असल्याने कॅमेरा त्याला काळवंडून टाकतो, आणि उजळ सकाळ पावसाळी संध्याकाळ वाटू लागते. उपाय सोपा आहे : एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची चकती अधिक १ कडे फिरवावी. डीएसएलआरमध्ये हा परिणाम चित्र काढल्यानंतरच दिसे. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये तो बटण दाबण्यापूर्वीच दिसतो. नवशिक्याला प्रकाशाचे भान यायला पूर्वी वर्ष लागत असे; आता चकती फिरवत महिनाभर धुक्यात हिंडले तरी पुरते.

आरतीच्या छायाचित्रांतील पट्टे

या कॅमेऱ्यांची एक खोड मात्र ठाऊक असलेली बरी. त्यांत यांत्रिक शटरखेरीज इलेक्ट्रॉनिक शटरही असते. ते पूर्णपणे नि:शब्द असते. एका गणेशोत्सवात आरतीमध्ये व्यत्यय नको, या सद्‌हेतूने मी ते वापरले. घरी येऊन पाहतो तो प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आडवे काळपट पट्टे! मूर्तीभोवतीच्या एलईडी माळांनी आणि छताच्या दिव्यांनी घात केला होता. आरती पुन्हा म्हणता येत नाही. त्या वर्षी त्या मंडळींत उभ्या असलेल्या एक आजी पुढच्या वर्षी नव्हत्या.

कारण असे, की आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा आहे, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र सेन्सरवरील ओळी वरून खाली एकापाठोपाठ वाचते. काही ओळी दिवा तेज असताना वाचल्या जातात, काही मंद असताना. त्याचेच पट्टे उमटतात. फिरणाऱ्या पंख्याची पाती विळ्यासारखी वाकलेली दिसतात, तीही याच कारणाने. घरात, सभागृहात किंवा मांडवात यांत्रिक शटर वापरावे आणि वेग सेकंदाचा १/५० अथवा १/१०० ठेवावा. दिव्याचे एक वा दोन पूर्ण आवर्तन त्या अवधीत सामावते व प्रकाश सारखा मिळतो. नि:शब्द शटर दिवसाच्या नैसर्गिक उजेडासाठी राखून ठेवावे.

धूळ, दमटपणा आणि बॅटरी

आरसा नसल्यामुळे भिंग काढताच सेन्सर उघडा पडतो. दिल्लीतील मे महिन्याच्या धुळीत रस्त्यावर भिंग बदलणे म्हणजे सेन्सरवर ठिपके ओढवून घेणे होय. रोजच्या वापरासाठी एकच भिंग लावून ठेवावे, हे उत्तम. एपीएस-सी कॅमेऱ्यावर २३ मिलिमीटरचे भिंग जुन्या ३५ मिलिमीटर भिंगाइतके दृश्य सामावते; खोलीतही चालते आणि गल्लीतही.

मुंबई-कोकणातील वाचकांना धुळीपेक्षा बुरशीची चिंता अधिक. पावसाळ्यात कॅमेरा चामडी पिशवीत बंद करून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरावा. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत नेताना तो काही वेळ पिशवीतच राहू द्यावा, अन्यथा भिंगावर बाष्प धरते.

व्ह्यूफाइंडर म्हणजे एक छोटा पडदाच असल्याने बॅटरी लवकर संपते. अनेक लहान मिररलेस कॅमेऱ्यांत एका बॅटरीवर ३०० ते ४०० चित्रे निघतात. दुसरी बॅटरी खिशात हवीच.

खरेदीसाठी दिल्लीत चांदणी चौकातील कुचा चौधरी, तर मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार हे जुने पत्ते आहेत. पावती व कंपनीचे भारतातील हमीपत्र मागून घ्यावे. त्याशिवाय मिळणारी स्वस्ताई दुरुस्तीच्या वेळी महाग पडते. वापरलेला कॅमेरा घ्यायलाही हरकत नाही. भिंग उजेडासमोर धरून आत जाळे दिसते का ते पाहावे, आणि पांढऱ्या भिंतीचे एक चित्र काढून त्यावर ठिपके आहेत का ते तपासावे.

वसाहतीत फिरताना एक अनुभव येईल. मोबाईलकडे कोणी लक्ष देत नाही; कॅमेरा काढला की पहारेकरी पुढे येतो. आर. के. पुरममध्ये सरकारी कार्यालये पुष्कळ आहेत. जेथे मनाईचा फलक असेल तेथे वाद न घालता कॅमेरा खाली करावा. हातगाडीवाल्याला किंवा इस्त्रीवाल्याला आधी विचारावे आणि जमल्यास नंतर छापील प्रत द्यावी.

प्रत छापणे घरच्या चित्रांसाठीही आवश्यक आहे. मेमरी कार्ड हे साठवणीचे साधन नव्हे. चित्रे दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवावीत आणि महिन्याकाठी निवडक दहा-बारा छापून घ्यावीत. मागील बाजूस तारीख, सेक्टर आणि क्वार्टरचा क्रमांक लिहावा. आजच्या छायाचित्रांच्या कागदावर प्लास्टिकचा थर असतो, त्यावर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनचा वळ पुढे चेहऱ्यावर उठतो. बारीक टोकाचे न पुसणारे मार्कर वापरावे व शाई पूर्ण वाळल्याखेरीज प्रती एकमेकींवर ठेवू नयेत.