बांधावरचं आभाळ

सांगली आकाशवाणी मध्यम लहरींवर, १२५१ किलोहर्ट्झला लागते. १९६३ सालचं हे केंद्र. दिवसा त्याची लहर जमिनीला धरून आपल्या घरापर्यंत येते. वर गेलेल्या लहरी मात्र ६० ते ९० किलोमीटरवरचा, उन्हानं विद्युतभारित झालेला हवेचा थर गिळून टाकतो. दिवस मावळला की हा थर विरतो आणि त्याच लहरी आणखी वरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणून रात्री काटा फिरवताना परमुलखातली गाणी लागतात आणि जवळच्या केंद्रात खरखर शिरते. सेल उतरले असं वाटतं. बदललेलं असतं ते आभाळ. साताऱ्याच्या एफएमला हा त्रास नाही. त्या लहरी आयनांबर, म्हणजे वरचे हे विद्युतभारित थर, भेदून निघून जातात.

शेजारी कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या आवारात, भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं १९९९मध्ये रडार बसवलं. त्याची कंप्रता १.९८ मेगाहर्ट्झ, म्हणजे आपल्या रेडिओच्या भावकीतलीच. वरून परतणाऱ्या क्षीण प्रतिध्वनींवरून ते ८०-९० किलोमीटरवरचे वारे मोजतं.

आपल्या भागाचं आभाळ मुळातच अवघड आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. तिथले इलेक्ट्रॉन दिवसा कारंज्यासारखे उंच चढतात आणि चुंबकीय बलरेषांवरून घसरत उत्तरेला येतात. त्यांची रास साचते गुजरात-मध्य प्रदेशाच्या बाजूला. सातारा-सांगली त्या राशीच्या उतारावर.

आता हे आभाळ शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आलं आहे. जमिनीची मोजणी रोव्हर नावाच्या यंत्रानं होते, आणि रोव्हर उपग्रहांच्या संदेशांवर चालतो. दाट इलेक्ट्रॉनांतून येताना उपग्रहाचा संदेश रेंगाळतो आणि अंतर चुकतं. सूर्यडागांच्या ऐन वर्षांत, भर दुपारी, ही चूक १० मीटरच्या पुढे जाऊ शकते. गुंठ्याची एक बाजू साधारण तेवढीच असते! उपाय साधा आणि सुंदर आहे: जागा पक्की माहीत असलेल्या स्थिर केंद्रावरही तीच चूक येते, ती वजा करायची. पण आपण उतारावर. केंद्र लांब असेल तर दोन्हीकडची चूक सारखी राहत नाही. आपल्या देशाची ‘नाविक’ उपग्रह प्रणाली एकाहून अधिक कंप्रता वापरते. दोन कंप्रतांच्या संदेशांना होणारा उशीर वेगवेगळा असतो, त्यातल्या फरकावरून चूक काढता येते.

सूर्यास्तानंतरची गोष्ट वेगळी. मार्चच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास दक्षिणेकडच्या आयनांबरात विरळ बुडबुडे उठतात आणि उत्तरेला पसरतात. त्यांतून येणारा संदेश ताऱ्यासारखा लुकलुकतो, कधी तुटतोच. फाल्गुन-चैत्रात आणि भाद्रपद-आश्विनात राहिलेली मोजणी संध्याकाळवर ढकलू नये, दुसऱ्या दिवशी सकाळी करावी.