पाठ टेकली आणि पाठ दिली

अक्कलकोटला गेलं की स्वामींचं दर्शन, अन्नछत्रातला प्रसाद आणि नव्या राजवाड्यातलं शस्त्रागार, असा आमचा ठरलेला क्रम. या खेपेला सोबत बारावीतला भाचा होता. तलवारी, भाले, बंदुका यांच्यापेक्षा त्याचं लक्ष मोबाइलमध्ये जास्त. तिथे आठ कोनांच्या जाळीत दोन माणसं एकमेकांना बुक्के, लाथा, गुडघे हाणत होती आणि मधेच चक्क कुस्ती धरत होती. बाहेर पडता पडता त्याने विचारलं, "मामा, तुमचे खाशाबा जाधव यात टिकले असते का?"

"तुमचे" हा शब्द मला जरा लागला. लहानपणी दोन वर्षं मी तालमीत माती अंगाला लावली आहे. नाव काढण्याजोगं काही केलं नाही, पण वस्तादांचे फटके अजून आठवतात. "हो, टिकले असते की," असं मी म्हणून गेलो, आणि मग दोन दिवस त्या उत्तराने माझा पिच्छा सोडला नाही.

पहिलं नवल वजनाचं. गोळेश्वरच्या खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते फ्रीस्टाइलच्या ५७ किलो गटात. जाळीतल्या त्या खेळाचं नाव एमएमए, आणि त्यातली आज सर्वांत मोठी कंपनी यूएफसी. तिचा फ्लायवेट गट १२५ पौंडांचा, म्हणजे ५६.७ किलो. सत्तर वर्षांचं अंतर, आणि फरक पेलाभर दुधाचा! दुसरं नवल वेळेचं. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी खाशाबा पंधरा मिनिटं झुंजले आणि हरले. जाळीतली साधी लढतही पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, म्हणजे पंधरा मिनिटांचीच. तराजू आणि घड्याळ दोन्ही जुळले. मग अडलं कुठे?

अडतं ते पाठीत.

तालमीत डाव शिकण्याच्या आधी अंगात भिनतं ते एकच: पाठ टेकू द्यायची नाही. पाठ टेकली की चितपट, निकाल, फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर. म्हणून खाली आलेला पैलवान आधी पालथा होतो. पोट मातीला, कोपरं अंगाला, मान आत. वरचा सवारी भरतो, घिस्सा मारतो, आणि खालचा घोरपडीसारखा मातीला चिकटून राहतो. मातीत हे शहाणपण.

जाळीत तोच आत्मघात. पाठ टेकली तर तिथे काहीच संपत नाही. पाठ दिली, म्हणजे समोरच्याच्या छातीला आपली पाठ लागली, की संपतं. तो मागून पायांची कैची घालतो, एक हात हनुवटीखालून सरकवतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबतो. श्वास चालू असतो, पण मेंदूला रक्त पोचत नाही. फास नीट बसला तर दहा-एक सेकंदांत माणूस बेशुद्ध. म्हणून शहाणे लढवय्ये आधीच हाताने थाप मारून हार कबूल करतात. तोच देह, तीच पाठ. नियम बदलला आणि सुरक्षित जागा सर्वांत धोक्याची झाली.

याच्या उलट, उताणं पडून लढणं ही तिथे एक पूर्ण विद्याच आहे. जपानी ज्युदोपटू मित्सुयो माएदाने ब्राझीलमध्ये जे शिकवलं, त्यातून ग्रेसी घराण्याने ती वाढवली. १९९३ साली यूएफसीची पहिली स्पर्धा डेन्व्हरला झाली, ती जिंकणारा रॉयस ग्रेसी किडकिडीतच म्हणावा असा. पुढच्याच वर्षी त्याच्यासमोर आला डॅन सेव्हर्न, मुरलेला कुस्तीगीर, वजनाने तीस किलोंहून जड. सेव्हर्नने त्याला खाली घातलं आणि दाबून धरलं. आपल्या आखाड्यात एव्हाना हलगी वाजली असती. पण खाली उताण्या पडलेल्या रॉयसने पंधरा मिनिटं वाट पाहिली, मग पायांचा त्रिकोण सेव्हर्नच्या मानेभोवती आवळला, आणि वरच्या माणसाने हार मानली. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रिमोट हातात धरून नुसता बसून होतो.

पण एवढ्यावर निकाल लावला तर कुस्तीवर अन्याय होईल. १९१० साली लंडनला आपल्या गामा पैलवानाने झ्बिस्कोला सुरुवातीलाच खाली आणलं, आणि तो धिप्पाड पोलिश गडी अडीच तासांहून अधिक वेळ मॅटला चिकटून राहिला. गामासारख्या गामाला तो उलथता आला नाही. कुस्ती अनिर्णित सुटली. १९२८ साली पतियाळात गामाने त्याला मिनिटभरातही टिकू दिलं नाही ते वेगळं. आता लंडनचा तोच प्रसंग जाळीत घडला असता तर? पालथ्या पडलेल्याच्या कानशिलावर वरून बुक्के पडले असते आणि झ्बिस्कोला उलटावंच लागलं असतं. बुक्क्यांची मुभा वरच्या पैलवानाच्या पथ्यावर पडते. नव्वदच्या दशकात अमेरिकी कुस्तीगीरांना हे उमगलं. एकेरी पट, दुहेरी पट काढायचा, म्हणजे एक किंवा दोन्ही पाय धरून पाडायचं, वर बसायचं आणि हाणायचं.

खाशाबांचा डाव मात्र पट नव्हे, ढाक. समोरच्याची मान काखेत धरायची, कंबर आत घालून वळायचं आणि त्याला आपल्यावरून फेकायचं. साधली तर समोरचा थेट उताणा. हेलसिंकीत तिथे कुस्ती संपते. जाळीत तिथून पुढे सुरू होते, तीही खाशाबांच्या बाजूने. पण ढाकेत वळताना क्षणभर आपली पाठ समोरच्याकडे जाते. मान निसटली तर तो आयता मागे! मातीत फसलेली ढाक फार तर खाली नेते. जाळीत ती फास बोलावते.

मानेचाही प्रश्न आहेच. पटात घुसताना डोकं पुढे येतं, आणि ते पुढून बगलेत अडकवणं हा तिथला रोजचा डाव. कुस्तीतून गेलेला आपला भरत खंडारे २०१७ साली शांघायला यूएफसीत उतरला. सोंग यादोंग या एकोणीस वर्षांच्या चिनी पोराने पहिल्याच फेरीत असाच पुढून गळा आवळून त्याला हरवलं.

मग खाशाबा? सर्वांत जवळचा दाखला हेन्री सेहूदोचा. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइलच्या ५५ किलो गटात सुवर्ण. हा माणूस २०१६ साली जाळीत विजेत्या डिमिट्रियस जॉन्सनसमोर उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत गारद झाला. कशाने? गर्दनखेच चालू असताना पोटात बसलेल्या गुडघ्यांनी. म्हणजे पैलवान जिथे सर्वांत निर्धास्त असतो, नेमक्या त्याच जागी. दोन वर्षांनी त्याच जॉन्सनकडून त्याने विजेतेपद हिसकावलं. सुवर्णपदकापासून इथवर यायला दहा वर्षं लागली.

तेव्हा माझं उत्तर असं: हेलसिंकीतून उचलून खाशाबांना तडक जाळीत सोडलं, तर चांगल्या लढवय्यासमोर पहिली फेरी निघणंही कठीण. दोन-तीन वर्षं शिकायला दिली, तर मी माझे पैसे खाशाबांवर लावीन. भक्तीपोटी नव्हे. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी घर गहाण टाकलं, ही गोष्ट आपण सगळे सांगतो. मला त्याआधीची जास्त थक्क करते. १९४८ साली लंडनला हा लाल मातीतला गडी अनोळखी मॅटवर, अनोळखी नियमांत उतरला आणि सहावा आला. चार वर्षांत त्याने दुसऱ्या जमिनीवरचा खेळ अंगात मुरवला, वजनाचा गट वाढवला आणि पदक आणलं. इशीनंतर पुरती विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मम्मदबेयोव्हसमोर उभं केलं गेलं, तरीही. एकदा माती सोडून मॅट शिकलेला माणूस जाळीही शिकला असता.

हे सगळं मी भाच्याला रात्री मुक्कामाच्या खोलीत गादीवर बसून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, ढाक दाखवा ना." मी त्याची मान धरली, वळलो आणि माझा पाय गादीच्या कडेला अडकला. दोघेही आडवे. पुढचं मी ठरवून केलं नाही. तीस वर्षांपूर्वीचं अंग आपोआप जागं झालं. मी झटकन पालथा झालो, कोपरं आवळली, पोट गादीला दाबलं आणि मनात म्हटलं, आता उलथव बघू.

हनुवटीखालून एक बारीक हात सरकला. "मामा," कानाशी आवाज आला, "थाप मारा."