एकतीस दिवस आणि सव्वादोन मैल

२९ नोव्हेंबर १८०३ : अडगावची लढाई. १५ डिसेंबर : गाविलगड पडला. १७ डिसेंबर : इंग्रजांचा नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह. ३० डिसेंबर : दौलतराव शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह. अवघ्या ३१ दिवसांत वऱ्हाडाचा धनी बदलला, आणि हे सारं घडलं ते आपल्याच अकोला-अमरावती पट्ट्यात.

देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि इंग्रजांनी तो निजामाला दिला. आपलं शेंदूरजनाघाट वर्धेच्या पश्चिमेलाच. आज जिथे संत्र्याचे ट्रक भरतात, त्या मुलखाचं भवितव्य असं नदीच्या एका रेषेने ठरलं.

गाविलगड घ्यायला आर्थर वेलस्लीच्या फौजेने ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत जड तोफा सुमारे ३० मैल डोंगरातून, स्वतः वाट फोडत, बहुतेक ठिकाणी हाताने ओढून नेल्या. याच वेलस्लीने १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. चिखलदऱ्याला आपण पावसाळ्यात धुकं बघायला जातो, मक्याचं कणीस खातो आणि तिथल्या गाविलगडाच्या तोंडाशी फोटो काढून परततो. मला याची फार हळहळ वाटते. दिल्ली दरवाज्यापाशी जरा थांबा. दगडात सिंह आहेत, हत्ती आहेत आणि हत्तींना पकडणारा दोन तोंडांचा पक्षी, गंडभेरुंड, आहे. हे विजयनगरकडचं चिन्ह सातपुड्यात आलं कसं? गडाची मजबुती करणारा फतहउल्ला इमादुलमुल्क मूळचा विजयनगरच्या मुलखातला. १४८७ मध्ये नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा, १४८८ मध्ये गाविलगडाची मजबुती आणि १४९० मध्ये बहामनींपासून फारकत घेऊन इमादशाही. आधी किल्ले भक्कम केले, मग स्वतंत्र झाला. या तीन आकड्यांतच त्याचा सगळा डाव दिसतो.

आता अमरावती. निजामाच्या अमलात पेंढाऱ्यांचा उपद्रव वाढला. कापसाच्या या पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी १८०७ मध्ये परकोट बांधायला घेतला. घेर सव्वादोन मैल, म्हणजे साधारण साडेतीन किलोमीटर. उंची २० ते २६ फूट. ५ दरवाजे, ४ खिडक्या. खुनारी खिडकीचं नाव १८१८ मधल्या दंग्यावरून पडलं. तिथे सुमारे ७०० माणसं मारली गेली. एवढा मोठा आकडा, आणि रोज तिथून जाणाऱ्या कितीजणांना तो ठाऊक असेल?

कोर्ट-कचेरी, दवाखाना, कॉलेज, काही ना काही कामाने आपण अमरावतीला जातोच. जवाहर गेटमधून बाजारात शिरतो, पण मान वर करून कमान बघत नाही. साडेतीन किलोमीटर म्हणजे तासाभराची चाल. शाळांच्या सहली लांब जातात, जरूर जाव्यात. पण वर्षातली एक सहल या परकोटाभोवती पायी काढा, आणि पोरांच्या हाती वही-पेन्सिल देऊन दरवाजे मोजायला सांगा.