संजय साने
संजय साने हे बंगळूर येथील राष्ट्रीय जैविक विज्ञान केंद्रात कीटकांच्या उड्डाणाचा अभ्यास करणारे चेताशास्त्रज्ञ आहेत. माशीला तोल सांभाळण्यासाठी मागील पंखांच्या जागी संतोलक असतात. चार पंखांच्या पतंगाला ते नसतात, आणि संधिप्रकाशात डोळ्यांकडून मिळणारी माहिती फार सावकाश येते. मग पतंग सावरतो कसा? याचे उत्तर साने व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. शृंगिकांचा लांब भाग कापलेले पतंग भिंतींवर आदळत, मागे उडत, जमिनीवर कोसळत. तोच भाग चिकटवल्यावर उड्डाण पुन्हा सावरले. चिकटवलेल्या भागातील चेतातंतू तुटलेलेच होते. उपयोगी पडले ते केवळ त्याचे वजन. शरीर वळताना त्यात उठणारी सूक्ष्म कंपने शृंगिकेच्या बुडाशी असलेले जॉन्स्टन अंग टिपते व मेंदूला कळवते.