नॉब फिरतो, पुढची चाकं ऐकत नाहीत

पिकअपच्या डॅशबोर्डवरचा नॉब 'फोर-एच'वर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या स्थितीवर, फिरवला, दिवा नुसताच लुकलुकत राहिला आणि मागची चाकं चिखलात गरगरत असताना पुढची ढिम्म राहिली, की गॅरेजमध्ये पहिलं बोट ट्रान्सफर केसकडे जातं. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या एक्सलला वाटून देणारी ही पेटी महाग, अवजड आणि खाली उतरवायला किचकट. नेमक्या याच कारणासाठी तिच्यावरचा संशय सर्वांत शेवटी ठेवायला हवा. तिच्या आतला गिअर सरकण्याआधी नॉब, कंट्रोल मॉड्यूल, फ्यूज, रिले, वायरिंग, पेटीवर बसवलेली छोटी मोटर आणि त्या मोटरची जागा कळवणारा सेन्सर (एन्कोडर), एवढ्या सगळ्यांना आपापलं काम चोख करावं लागतं. त्यांतलं एक जरी अडलं, तरी ठणठणीत पेटीसुद्धा नापास ठरते.

मुळात लुकलुकणारा दिवा बिघाडच सांगतो असं नाही. मॉड्यूलला हुकूम मिळाला, पण तो पार पडल्याची पोच अजून आली नाही, एवढंच तो सांगतो. कधी कधी ही पोच अडण्याला रास्त कारण असतं. 'फोर-एल' हा चारही चाकांचा संथ गिअर लावायला बहुतेक गाड्या उभ्या असाव्या लागतात आणि गिअर न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबलेला लागतो. 'फोर-एच'साठी वेगाची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते. न्यूट्रल किंवा क्लचचा स्विच खराब असेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये असूनही मॉड्यूलला ते कळत नाही आणि ते हटून बसतं. पार्ट-टाइम पद्धतीच्या फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत हा फरक चाकं घसरून भरून निघतो, कोरड्या डांबरावर मात्र सगळा पीळ शाफ्टांत साठतो. मग 'टू-एच'वर, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, परत येताना गिअर सुटत नाही, दिवा लुकलुकतो आणि मालक सर्व्हिस सेंटर गाठतो. अशा वेळी थोडं सरळ रिव्हर्स घेतलं, की बहुधा पीळ सुटतो. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील, तर सरळ रस्त्यावरही हाच ताण येतो.

अटी पाळूनही काम होत नसेल, तर आधी कानांवर भिस्त ठेवावी. चाकांना उटी लावून, इग्निशन चालू ठेवून एकाने नॉब फिरवावा, दुसऱ्याने गाडीशेजारी बसून ट्रान्सफर केसचा आवाज ऐकावा. काहीच आवाज नसेल, तर शोध विजेच्या वाटेवर घ्यायचा. मोटर घुर्र करते पण गिअर लागत नाही, तर दोष मोटरच्या आतल्या गिअरमध्ये, सेन्सरमध्ये किंवा त्यापुढे. विजेच्या वाटेवर बॅटरीपासूनच सुरुवात केलेली बरी. बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू इंजिनावर १३.५ ते १४.५ व्होल्ट नसतील, तर मॉड्यूलं भलतीसलती वागतात. पुढचा संशयित म्हणजे मोटरचा कपलर. तो गाडीच्या पोटाशी, चिखलपाण्याच्या थेट माऱ्यात असतो. सोडून पाहिला, तर पिनांवर हिरवा थर चढलेला आणि रबरी सील चेपलेलं सापडणं नवलाचं नाही. इथे मल्टिमीटर फसवतो. वायरीतला एखादाच तंतू शाबूत असला, तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, पण मोटरला हवा तेवढा करंट त्या तंतूतून जात नाही. म्हणून मोटरच्या दोन जाड तारांना हेडलाइटचा जुना बल्ब जोडून नॉब फिरवावा. बल्ब मंद पेटला, तर वायरिंग किंवा अर्थिंग तपासायचं. सेन्सरच्या बारीक तारांना मात्र हा बल्ब चुकूनही लावू नये, मॉड्यूल जळायचं.

पिकअपचं माहेरघर असलेल्या अमेरिकेत या दुखण्यांची चांगलीच ओळख आहे. शेव्हरोले सिल्व्हराडोच्या २००३ नंतरच्या मॉडेलांत 'सर्व्हिस फोर-व्हील-ड्राइव्ह' ही सूचना आली, की जाणकार आधी डॅशबोर्डवरचा स्विच बदलून पाहतात, कारण आतले संपर्क झिजतात. फोर्ड एफ-१५०ची २००४ नंतरची गंमत आणखी वेगळी. तिथे पुढच्या चाकांचे हब इंजिनाच्या व्हॅक्यूमने सुटे ठेवलेले असतात. रबरी नळीला चीर पडली, की हब अर्धवट अडकून टू-व्हीलमध्ये चालतानाच खरखरतात. बिघाड फोर-व्हीलचा, तक्रार टू-व्हीलमधली, आणि दुरुस्ती कधी कधी वीतभर नळीची. आपल्याकडे इसुझू व्ही-क्रॉस २०१६ पासून आणि टोयोटा हायलक्स २०२२ पासून आली. त्यांची रचना वेगळी असली, तरी तपासाचा क्रम तोच राहतो.

स्कॅनर लावला की कोड मिळतो, मग एवढी खटपट कशाला, असं कोणी विचारील. स्कॅनर जरूर लावावा. पण जनरल मोटर्सच्या गाड्यांतला सी-०३२७ हा कोड एन्कोडर सर्किटमध्ये दोष आहे इतकंच सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सरही येतो, कपलरही आणि वायरही. कोड वाचून थेट मोटर बदलणं म्हणजे वायरीचा दोष मोटरच्या बिलात घालणं. नॉबपेक्षा जुना लोखंडी लिव्हरच बरा, या तक्रारीत तथ्य आहे. त्याला फ्यूज नव्हता आणि अडलं की हाताला कळायचं. पण त्याचेही जोड झिजत, आणि चालत्या गाडीत अननुभवी हाताने तो ओढून दात खरवडले, तर त्याला अडवणारं कोणी नव्हतं. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: पेटी खरोखरच बिघडलेली असू शकते. जनरल मोटर्सच्याच एनव्ही-२४६ ट्रान्सफर केसमध्ये आतला ऑइलपंप घासून कवचाला बारीक भोक पाडतो, तेल गळतं आणि पेटी कोरडी पडून खलास होते. पण तेलाची पातळी पाहायला पेटी उतरवावी लागत नाही, फिलर प्लग उघडला की कळतं. म्हणून ती तपासणी पहिल्याच दिवशी उरकावी.

एक कारण मात्र कुठलाच कोड सांगत नाही, ते म्हणजे न वापरणं. वर्षभर न हललेली मोटर आणि पुढचा एक्सल जोडणारा अ‍ॅक्च्युएटर ऐन पावसाळ्यात जाम झालेले सापडतात. टोयोटाच्या पुस्तिकांत दर महिन्याला किमान १६ किलोमीटर फोर-व्हीलमध्ये चालवण्याची सूचना असते. त्यासाठी कच्चा किंवा ओला रस्ता निवडावा.