लपण्यासाठी लावलेले दिवे

भिलाईतल्या आमच्या रुआबांध्यात काळोख असा पुरता कधी मिळतच नाही. वीज गेली, सेक्टरातले रस्त्यावरचे दिवे विझले, तरी पोलाद कारखान्याच्या बाजूचं आभाळ जागंच असतं. तिकडे तापलेला स्लॅग ओतला की अर्धं आभाळ तांबडं होतं आणि पाचेक मिनिटांत पुन्हा मावळतं. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू केली. इथल्या मराठी घरांची आता तिसरी-चौथी पिढी या उजेडाखाली झोपते. उजेड म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे आग येते. उष्णतेवाचून उजेड ही कल्पना आम्हाला जरा जडच जाते.

समुद्र तर त्याहून लांब. इथल्या बाजारात तळ्यातले रोहू-कटला मिळतात, छत्तीसगढी लोक जिला सुकसी म्हणतात ती सुकी मासळी मिळते. मुंबईहून आलेल्या पाहुण्याच्या पिशवीतून बोंबील आणि सोडे निघाले, की तेवढाच आमच्या घरचा अरबी समुद्र. तेव्हा भिलाईत बसून खोल समुद्रातल्या दिवेवाल्या माशांवर लिहिणं म्हणजे आगाऊपणाच. पण या गोष्टीचा एक धागा आमच्या दारावरून जातो. मुंबई-नागपूर-हावडा हा लोहमार्ग. त्याच्या एका टोकाला जहाज बांधलं गेलं, दुसऱ्या टोकाला मासे बाटल्यांत जाऊन बसले.

जहाजाचं नाव ‘इन्व्हेस्टिगेटर’. मुंबईच्या गोदीत बांधलेली ही लाकडी आगबोट १८८१ साली पाण्यात उतरली. मूळ काम किनारे आणि खोली मोजून नकाशे करणं. पण तिच्यावर एक डॉक्टर असे आणि त्याने जहाजावरच्या माणसांची नाडी पाहता पाहता समुद्रातले जीवही पाहावेत, अशी योजना होती. १८८८ ते १८९२ या काळात हे काम आल्फ्रेड अल्कॉक यांच्याकडे होतं. जहाजावरून शेकडो वाव दोर सोडून जाळं तळाला लावायचं, तास दोन तासांनी ओढायचं आणि जे चिखलात लडबडलेलं हाती येईल ते मद्यार्कात बुडवायचं. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या खोल समुद्रातल्या माशांची अल्कॉकनी केलेली वर्णनात्मक सूची १८९९ साली निघाली.

त्यांनी १८९० साली वर्णन केलेल्या माशांत एक करंगळीएवढा, मोठ्या डोळ्यांचा, चंदेरी मासा होता. आज त्याचं शास्त्रीय नाव ‘बेंथोसेमा टेरोटम’. इंग्रजीत या कुळाला लँटर्नफिश म्हणतात. आपण कंदीलमासा म्हणू, दिवाळीला ते शोभेलही. कुळात अडीचशेच्या आसपास जाती आहेत. बेंथोसेमा पाच-सहा सेंटिमीटरचा, आयुष्य वर्षभरसुद्धा नाही. टोपलीत पडला तर कोळीण त्याला दोन बोटांनी उचलून बाजूला टाकेल. पण उत्तर अरबी समुद्रात त्याच्याइतकी गर्दी दुसऱ्या कुठल्या माशाची क्वचितच असेल.

कोकणातल्या होडीला मात्र तो भेटत नाही, कारण किनाऱ्यालगतचा समुद्र उथळ आहे. मुंबईसमोर हा उथळ कट्टा शेकडो किलोमीटर पसरला आहे. खाली विजयदुर्गाकडे तो अरुंद होतो. विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं प्रवाळपठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याच्यापलीकडे तळ झपाट्याने खाली उतरतो. आंग्र्यांच्या आरमाराची हद्द जिथे संपत असेल तिथून कंदीलमाशांचं राज्य सुरू होतं असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

आता दिव्यांकडे वळू. कंदीलमाशाच्या पोटाशी आणि कुशीवर मोत्यांसारखे ठिपके असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पूर्ण दिवा: आत उजेड करणाऱ्या पेशी, मागे आरशासारखं अस्तर, पुढे भिंग. ठिपके कुठे आणि किती, हे जातीनुसार ठरलेलं. जाळ्यात खवले सोलवटले तरी उरलेल्या ठिपक्यांची रांग पाहून जाणकार जात सांगतो. शेपटीच्या देठाजवळ आणखी एक मोठा दिवा असतो. बेंथोसेमाच्या नराला तो वरच्या अंगाला आणि मादीला खालच्या. काळोखात एवढ्यावरून ओळख पटत असावी.

पण पोटावरचे दिवे ओळख दाखवायला नाहीत. ते लपायला आहेत. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पान उलटून पुन्हा वाचलं. लपायचं असेल तर माणूस दिवा मालवतो. हा मासा तो लावतो!

समजून घ्यायचं तर त्याच्या खाली जाऊन वर पाहायला हवं. पृष्ठभागापासून २०० मीटरांच्या खाली संध्याप्रकाशाचा पट्टा सुरू होतो आणि तो साधारण १००० मीटरांपर्यंत जातो. पाणी तांबडा उजेड आधी गिळतं, निळा सर्वांत शेवटी. त्यामुळे इथे उरतो तो वरून झिरपणारा फिकट निळा. दडायला खडक नाही, शेवाळ नाही, चहूकडे नुसतं पाणी. इथला शिकारी खालून वर डोळे लावून असतो. वरच्या निळ्या छतावर एखादी काळी सावली सरकली की झडप. ती सावली पुसायची एकच युक्ती: आपल्या पोटातून वरच्याइतकाच, वरच्याच रंगाचा उजेड खाली सोडायचा. मग छताला भोक पडत नाही. खालच्याला वाटतं, वर कुणी नाहीच.

यात मापाला फार महत्त्व. उजेड कमी पडला तर सावली दिसते, जास्त झाला तर स्वतःच दिवटी. वर ढग आला तरी हिशेब बदलतो. काही कंदीलमाशांच्या डोळ्यापाशी एक दिवा असा बसवलेला असतो की त्याचा उजेड त्यांच्याच डोळ्यात पडतो. वरून येणारा उजेड आणि आपला उजेड शेजारी शेजारी ताडून पाहायचे आणि पोटाची वात कमी-जास्त करायची, अशी ही सोय असल्याचं १९७४ साली मांडलं गेलं. दुकानदार जुन्या तराजूत एका पारड्यात वजन ठेवून दुसऱ्यात माल टाकत जातो, तसंच हे.

हा उजेड तयार कसा होतो? ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने प्राणवायूशी संयोग पावतं आणि त्यातून सुटणारी ऊर्जा उष्णतेऐवजी प्रकाश होऊन बाहेर पडते. आमच्या भट्टीतलं वितळलेलं लोखंड लालपिवळं चमकतं ते दीड हजार अंशांच्या घरात तापून. माशाच्या पोटाला आपल्या दिव्याची ऊबसुद्धा लागत नाही. गंमत अशी की बरेच मासे ल्युसिफेरिन खाण्यातून मिळवतात. तेल उधार, समई घरची. जपानच्या ओसामू शिमोमुरांनी १९५६ साली ‘उमिहोतारू’ म्हणजे समुद्री काजवा या चिमुकल्या कवचधारी जीवातून ल्युसिफेरिनचे स्फटिक मिळवले. पुढे जेलीफिशमधल्या चमकत्या प्रथिनांवर त्यांनी केलेल्या कामाला २००८चं नोबेल मिळालं. त्यांतल्या हिरव्या प्रथिनाची खूण लावून आज प्रयोगशाळांत पेशींच्या आतली हालचाल पाहिली जाते.

दुसऱ्या काही माशांनी तर भाडेकरू ठेवले आहेत. सिल्व्हर बेली या किनाऱ्यालगतच्या चपट्या चंदेरी माशांच्या अन्ननलिकेभोवती एक कडं असतं आणि त्यात चमकणारे जीवाणू राहतात. अशाच एका जीवाणूचं नाव तमिळनाडूतल्या मंडपम गावावरून ठेवलेलं आहे, मँडापमेन्सिस. म्हणजे दिवेवाला मासा पाहायला दर वेळी पाताळात उतरायलाच हवं असं नाही. सुकवून पाट्यांवर मांडलेल्या बारीक मासळीत तो कदाचित आपल्यासमोरून गेलाही असेल, दिवा विझलेला.

चित्रांत आणि सिनेमात नेहमी दिसतो तो अँग्लरफिश. कपाळातून काठी, काठीच्या टोकाला चमकता गोळा, खाली दातांचा जबडा. तो खराच आहे, आणि काठीवाली फक्त मादी असते. काही जातींत बोटाएवढा नर तिला चावा घेऊन चिकटतो आणि पुढे तिच्याच रक्तावर जगतो. घरजावई हा शब्द इथे फारच सौम्य पडेल. मॅलकोस्टियस नावाचा आणखी एक काळाकुट्ट मासा डोळ्याखालून तांबडा उजेड टाकतो. खोल पाण्यातल्या बहुतेक डोळ्यांना तांबडं दिसतच नाही, त्यामुळे ही त्याची खाजगी बॅटरी. पण अशा चमत्कारिक मंडळींनी सगळी प्रसिद्धी खाल्ली आहे अशी माझी तक्रार आहे. ती संख्येने विरळ. खोल समुद्राची खरी वस्ती साध्या, लपणाऱ्या दिव्यांची. माशांमध्ये उजेडाची ही विद्या एकदाच जन्मली असंही नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ती किमान २७ वेळा स्वतंत्रपणे उपजल्याचं आणि आज सुमारे दीड हजार सागरी जातींत असल्याचं दाखवलं.

ही वस्ती किती दाट आहे, हे माणसाला कळलं ते युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी ध्वनिलहरी सोडताना, तळ कितीतरी खोल असूनही चारपाचशे मीटरांवरूनच प्रतिध्वनी येऊ लागला. समुद्राला मध्येच दुसरा तळ असावा तसा. १९४५ साली कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेच्या मार्टिन जॉन्सननी रात्रभर तो थर न्याहाळला, तर संध्याकाळी हा ‘तळ’ वर चढला आणि पहाटे खाली उतरला. तळ कसला, ते जिवंत प्राणी होते आणि त्यांतल्या माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशव्यांवरून आवाज परत येत होता. रोज सूर्य मावळला की वर, उजाडायच्या आत खाली. वर येऊन चरायचं, दिवसा खाली जाऊन दडायचं. वजनाने पाहिलं तर पृथ्वीवर रोज होणारं हे सर्वांत मोठं स्थलांतर. पंढरीची वारीसुद्धा यापुढे लहान आणि ती वर्षातून दोनदाच.

आपल्या अरबी समुद्रात या वारीला एक विचित्र अडचण आहे. इथे साधारण १५० मीटरांपासून १००० मीटरांच्या पुढेपर्यंत पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. १९३३-३४ साली ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून निघालेल्या जॉन मरे मोहिमेच्या नजरेस हे आलं. मोहिमेचे प्रमुख सेमूर सिवेल पूर्वी ‘इन्व्हेस्टिगेटर’वर अल्कॉकच्याच जागी काम केलेले. अशा गुदमरत्या पाण्यात कोण राहील? तर नेमका आपला बेंथोसेमा दिवसा तिथेच जाऊन बसतो. मोठ्या शिकाऱ्यांना तिथे फार वेळ दम धरवत नाही, हीच त्याची सुरक्षितता. हालचाल कमी करून दिवस काढायचा आणि अंधार पडला की वर येऊन श्वास व पोट दोन्ही भरायचं.

१९७५पासून नॉर्वेच्या ‘डॉ. फ्रित्यॉफ नानसेन’ या जहाजाने अरबी समुद्रात पाहणी केली. त्या पाहणीवर आधारित, १९८४च्या सुमारास मांडलेला अंदाज होता १० कोटी टनांचा, फक्त या भागातल्या अशा माशांचा. साऱ्या जगातल्या समुद्रांतून वर्षाला पकडली जाते ती मासळी आठ कोटी टनांच्या आसपास. आकडा वाचून अनेकांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि फिशमीलच्या कारखान्यांची गणितं मांडली गेली. त्याच १९८४ साली डेन्मार्कमध्ये बांधलेलं ‘सागर संपदा’ भारताच्या सेवेत आलं आणि हा थर आपल्याही जहाजावरून तपासला जाऊ लागला. केरळात कोल्लमसमोर खोल पाण्यातली कोळंबी धरणाऱ्या ट्रॉलरांच्या जाळ्यात कंदीलमासे येतात आणि बरेचसे पुन्हा समुद्रात फेकले जातात.

पकडावेत का? माझं मत विचाराल तर हात आखडते घ्यावेत. गेदर, कुपा, डॉल्फिन, म्हाकूल अशी मोठी पंगत याच्यावर बसलेली आहे. शिवाय तो रात्री वर खाल्लेलं दिवसा खाली नेतो, म्हणजे हवेतून पाण्यात आलेल्या कार्बनचा काही भाग खोल पोचवतो, आणि हे काम बिनपगारी करतो. अंदाजही कच्चेच आहेत: जगभरच्या अशा माशांचं वजन आधी १०० कोटी टन धरलं जाई, २०१४ साली ध्वनिलहरींच्या मापनावरून ते दसपट असू शकेल असं निघालं. दसपट चूक होऊ शकते अशा खात्यातून उचल करायची म्हणजे धाडसच.

एक गैरसमज जाता जाता. हिवाळ्यात जुहूला किंवा कोकणच्या किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकल्याचे व्हिडिओ आमच्या भिलाईच्या मोबाइलवरही येतात. ते मासे नसतात. तो नॉक्टिल्युका हा एकपेशीय जीव. पाणी हललं की चमकतो. कंदीलमासा किनाऱ्यावर येऊन तमाशा दाखवणारा नव्हे.

तो वर येतो ते उघड्या समुद्रात आणि त्यातही चांदणं टाळून. पौर्णिमेच्या आसपास कंदीलमाशांच्या बऱ्याच जाती थोड्या खालीच थबकतात, कारण चंद्राच्या उजेडातही सावली पडते. अंधारी रात्र असेल तर पार वर. लक्ष्मीपूजनाला अमावास्या असते. त्या संध्याकाळी रुआबांध्यात आम्ही आकाशकंदील लावून खाली उतरू, तेव्हा आंग्रिया बँकेवर अजून ऊन असेल. तिथला सूर्य इथल्यापेक्षा चाळीसेक मिनिटांनी मावळतो. आमची मुलं पहिले फटाके उडवून हात धुवायला घरात येतील, त्या सुमारास बँकेच्या पलीकडे दोन-तीनशे मीटर खाली करंगळीएवढे मासे तोंडं वर करतील आणि पोटाचे दिवे वरच्या उजेडाला जुळवत, तो मावळेल तसे मंद करत, चढू लागतील.