एक रुपयाचं तिकीट

माझ्या अम्मीनं विमान आतून पहिल्यांदा पाहिलं ते २००६ साली, दिल्लीला जाताना. तिकीट स्वस्त होतं, म्हणूनच तिला काळजी. ‘बेटा, हे पोहोचवतील ना?’ पोहोचवलं, पाणी मात्र विकत घ्यावं लागलं.

१९५३ पासून विमानसेवा सरकारची मक्तेदारी होती. १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन आली. तिनं पुढे चक्क एक रुपयाची तिकिटं विकली. जागा मोजक्याच, कर वेगळा! पण इतरांनाही दर उतरवावे लागले. म्हणजे तिच्या विमानात कधी न बसलेल्यांचाही फायदा झाला.

मात्र खर्च भागेना. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये थांबली. पुढे देशातले निम्म्याहून अधिक प्रवासी एकट्या इंडिगोकडे आले. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळताना तिचं वेळापत्रक कोसळलं, हजारो उड्डाणं रद्द झाली. इतरांची भाडी भडकली. सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं.

हल्ली तिकीट काढण्याआधी मी त्या मार्गावर किती कंपन्या आहेत ते पाहतो. एकच असली, तर रेल्वेचं वेळापत्रकही काढून ठेवतो.